काटकसर, नगरपरिषदांची (पेण व रोहा)

करवाढ टाळण्यासाठी नगरपरिषदेने खर्चाला लावलेली कात्री. भोगावतीकाठचे पेण व कुंडलिकाकाठचे रोहा (जि. रायगड) येथील नगरपरिषदांना १९६५ चा महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम लागू आहे. १९९९ मध्ये राज्यातील नगरपरिषदांची जकात रद्द झाली. तेव्हापासून मालमत्ता कर व शासकीय अनुदान हेच मुख्य आधार. धाटावची औद्योगिक वसाहत रोह्याच्या नावाने ओळखली जाते, पण ती नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर आहे; त्यामुळे तिचा मालमत्ता कर नगरपरिषदेला मिळत नाही. दिवाबत्ती, सफाई ही कर्तव्ये बंधनकारक. पगारही टळत नाहीत. म्हणून कात्री वाचनालय, उद्याने अशा ऐच्छिक कामांवर आणि दुरुस्तीवर चालते. दुरुस्ती लांबवणे ही काटकसर केवळ कागदावरची; कोकणच्या पावसात ती महागच पडते. मालमत्तांची चतुर्वार्षिक फेरआकारणी मात्र दर न वाढवताही कराची रक्कम वाढवू शकते.