मेझों बोनापार्ट

मेझों बोनापार्ट : फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावर, अझाक्सिओ शहराच्या जुन्या वस्तीत असलेले बोनापार्ट कुटुंबाचे घर. फ्रान्सचा सम्राट पहिला नेपोलियन (१५ ऑगस्ट १७६९ – ५ मे १८२१) याचा जन्म येथे झाला. १९२३ मध्ये हे घर फ्रेंच सरकारच्या मालकीचे झाले. १९६७ पासून ते राष्ट्रीय संग्रहालय असून पॅरिसजवळच्या माल्मेझों संग्रहालयाशी जोडलेले आहे. लोक येतात ते नेपोलियनच्या नावामुळे. पण हे घर चालवले, लुटले गेल्यावर नव्याने उभे केले ते त्याची आई लेतित्सिया रामोलिनो हिने. खोल्या पाहताना एवढे ध्यानात ठेवले, तर त्यांतील पुष्कळशा गोष्टींचा उलगडा होतो.

घर सें-शार्ल नावाच्या अरुंद गल्लीत आहे. समोरच्या छोट्या चौकाला लेतित्सियाचेच नाव असून त्या मोकळ्या जागेमुळेच घराचे तोंड नीट पाहता येते. सपाट रंगवलेली भिंत, झडपांच्या खिडक्यांच्या रांगा आणि दारावर जन्माची नोंद करणारी संगमरवरी पाटी. एरवी शेजारच्या घरांहून ते वेगळे ओळखू येत नाही. सम्राटाचा महाल पाहायच्या अपेक्षेने आलेल्यांची इथे निराशा होते. तसे होऊ नये. हे जेनोव्हाच्या अमलातील एका लहान बंदरगावात वकिली आणि नगरपालिकेची कामे करणाऱ्या खात्यापित्या कुटुंबाचे घर आहे, आणि ते तसेच दिसते.

बोनापार्ट मंडळी इथे सतराव्या शतकाच्या अखेरीपासून राहत होती. मात्र सगळे घर त्यांचे नव्हते. पुण्यातल्या जुन्या वाड्यात जशी एकेका मजल्यावर वेगवेगळी बिऱ्हाडे नांदत आणि जिन्यावरून, पाण्यावरून वाद झडत, तसाच इथला कारभार होता. वरच्या मजल्यावर पोझ्झो दी बोर्गो घराण्यातले नातलग राहत आणि भाऊबंदकी कोर्टापर्यंत गेली होती. याच घराण्यातला कार्लो आंद्रेआ पोझ्झो दी बोर्गो पुढे रशियाच्या झारच्या सेवेत राजदूत झाला आणि नेपोलियनचा आजन्म वैरी ठरला. युरोपच्या राजकारणातील एका मोठ्या शत्रुत्वाची मुळे अशी एका बेटावरच्या गावकीत आणि घरच्या तंट्यांत सापडतात.

नेपोलियनच्या जन्माआधीचे वर्ष कॉर्सिकासाठी उलथापालथीचे होते. जेनोव्हाने १७६८ मध्ये कर्जापोटी बेट फ्रान्सच्या हवाली केले. पास्क्वाले पाओलीच्या नेतृत्वाखाली कॉर्सिकन लोक लढले आणि मे १७६९ मध्ये पोंते नोवूच्या लढाईत हरले. नेपोलियनचा बाप कार्लो पाओलीच्या पक्षाचा होता. पराभवानंतर डोंगरांतून माघार घेणाऱ्यांत लेतित्सियाही होती. पोटात सहा महिन्यांचे मूल, आणि वय विशीच्या आतबाहेर. पाओली देश सोडून इंग्लंडला गेला. कार्लो अझाक्सिओला परतला आणि त्याने नव्या राज्यकर्त्यांशी जुळवून घेतले. १७७१ मध्ये घराण्याच्या सरदारकीला फ्रेंचांची मान्यता मिळाली. या तडजोडीमुळेच पुढे १७७९ मध्ये नऊ वर्षांच्या नेपोलियनला सरकारी खर्चाने ब्रिएनच्या लष्करी शाळेत जागा मिळाली.

जन्माची हकीकत गावात आजही सांगितली जाते. १५ ऑगस्ट हा मरियामातेच्या स्वर्गारोहणाचा सण. लेतित्सिया मिस्सासाठी कॅथीड्रलमध्ये गेली असता तिला कळा सुरू झाल्या, तिला घाईघाईने घरी आणले आणि पलंगापर्यंत पोचण्याआधीच ती बाळंत झाली. घरात मेण्यासारखी बंदिस्त खुर्ची मांडलेली आहे. तिला याच खुर्चीतून उचलून आणले असे सांगतात. पुढे सम्राटाची कीर्ती वाढली तशी हकीकतीला झालरही लागली. बाळ होमरच्या वीरांची चित्रे विणलेल्या गालिच्यावर जन्मले, अशी कथा पसरली. ती लेतित्सियानेच खोडून काढली. कॉर्सिकातल्या घरांत हिवाळ्यातही गालिचे नसतात, भर उन्हाळ्यात कुठून असणार, असे तिचे म्हणणे होते. या बाईच्या स्वभावाची पारख व्हायला एवढी एक गोष्ट पुरे.

कार्लो १७८५ मध्ये माँपेलिए येथे वारला, तेव्हा पदरात आठ मुले होती आणि धाकटा जेरोम अवघा तीन महिन्यांचा होता. पैशाची चणचण, कोर्टाचे दावे आणि मुलांची शिक्षणे हे सगळे लेतित्सियाने याच घरातून निभावले. नेपोलियन तरुण अधिकारी म्हणून लांबलांब रजा घेऊन इथे येई. १७९२ मध्ये स्वयंसेवक पलटणीच्या निवडणुकीत त्याला लेफ्टनंट कर्नल व्हायचे होते. निवडणुकीवर देखरेखीसाठी आलेला एक कमिशनर प्रतिपक्षाच्या घरी उतरला, तेव्हा नेपोलियनच्या माणसांनी त्याला तिथून उचलून बोनापार्टांच्या घरी ‘पाहुणा’ म्हणून आणून ठेवले. निवडणूक नेपोलियनने जिंकली. त्याच्या पुढच्या राजकारणाची चुणूक या घराने अशी आधीच पाहिली होती.

इंग्लंडहून परतलेला पाओली आणि बोनापार्ट यांचे १७९३ मध्ये पुरते फाटले. मे महिन्यात पाओलीच्या समर्थकांनी घर लुटले आणि लेतित्सिया मुलांना घेऊन रात्रीची निसटली. मिलेल्ली या ऑलिव्हच्या मळ्यातल्या घराच्या वाटेने ती किनाऱ्याला लागली. जूनमध्ये सगळे कुटुंब निर्वासित होऊन तुलाँला पोचले. १७९४ ते १७९६ ही दोन वर्षे कॉर्सिका इंग्रजांकडे होता आणि या काळात इंग्रज सैन्याने घराचा वापर केला. पुढे सेंट हेलेना बेटावर नेपोलियनचा पहारेकरी झालेला हडसन लो तेव्हा अझाक्सिओत तैनात होता, आणि तो याच घरात उतरला होता असे म्हणतात.

म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. जन्माची खोली म्हणून जी दाखवतात, तिथली मांडणी १७६९ ची नाही. जुने सामान लुटीत गेले. नेपोलियनच्या इटलीतील विजयांनंतर बेट पुन्हा फ्रान्सकडे आले, तेव्हा १७९७ मध्ये लेतित्सिया परतली आणि सरकारी भरपाईच्या पैशातून तिने घर दुरुस्त करून नव्याने सजवायला घेतले. आज दिसणारी दालनांची मांडणी, बैठकीची खोली आणि लांबलचक गॅलरी यांवर तिच्या या दुरुस्तीची छाप आहे. त्यावर पुढे नेपोलियनचा पुतण्या तिसरा नेपोलियन याच्या काळातील डागडुजीचा थर चढला. संग्रहालयाने हे थर लपवलेले नाहीत, हे त्याचे मोठेच श्रेय. मुलगा युरोप जिंकत असताना आईने आपल्या गावात, शेजाऱ्यांच्या देखत, घराची गेलेली पत परत कशी मिळवली, ते या खोल्यांतून कळते.

नेपोलियन स्वतः या घरात शेवटचा राहिला तो १७९९ मध्ये. इजिप्तहून परतताना वाऱ्याने अडवल्यामुळे सप्टेंबरच्या अखेरीस तो अझाक्सिओला उतरला आणि आठवडाभराने फ्रान्सकडे निघाला. महिन्याभरात पॅरिसमध्ये सत्ता त्याच्या हाती आली. त्यानंतर तो या बेटावर पुन्हा कधीच आला नाही. तो झोपला होता ती पडदी-कोनाड्याची खोली दाखवतात आणि तिथला जमिनीतला चोरदरवाजाही. त्यातून तो गुपचूप बंदराकडे गेला ही दंतकथा असली, तरी मुले तिथे हमखास वाकून बघतात.

सम्राट झाल्यावर १८०५ मध्ये त्याने घर आईकडच्या नात्यातील आंद्रे रामोलिनो याला दिले. अट एवढीच की रामोलिनोने आपले घर नेपोलियनची दाई कामिल्ला इलारी हिला द्यावे. पुढे घर बोनापार्टांकडे परत आले. १८५२ मध्ये ते तिसऱ्या नेपोलियनच्या ताब्यात गेले आणि १९२३ मध्ये प्रिन्स व्हिक्तोर नेपोलियनने सरकारला देणगीदाखल दिले.

मराठी वाचकाला इथे एक नाते आपोआप आठवेल. नेपोलियनला वॉटर्लूला हरवणारा आर्थर वेलस्ली याच १७६९ सालचा, आणि त्याची मोठी कसोटी लागली ती आजच्या जालना जिल्ह्यातील असईच्या रणांगणावर. २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी झालेली ती लढाई त्याने फार मोठी किंमत मोजून जिंकली होती. या घरातून निघालेल्या मुलाची अखेर करणारा सेनापती दख्खनमध्ये तयार झाला, हा इतिहास आपल्याकडे जेवढा सांगितला जायला हवा तेवढा सांगितला जात नाही.

अझाक्सिओला मार्सेय, तुलाँ आणि नीसहून बोटी येतात. विमानतळालाही नेपोलियनचेच नाव आहे. संग्रहालय सोमवारी बंद असते. १५ ऑगस्टच्या सुमारास शहरात जुन्या लष्करी गणवेशांतल्या मिरवणुका आणि आतषबाजी असते, तेव्हा गर्दीची तयारी ठेवावी. आधी कॅथीड्रलमधील बाप्तिस्म्याचे संगमरवरी कुंड पाहावे. २१ जुलै १७७१ रोजी नेपोलियनचा बाप्तिस्मा तिथेच झाला. मग घर पाहून फेश राजवाड्याकडे जावे. लेतित्सियाचा सावत्र भाऊ कार्डिनल जोझेफ फेश याने जमवलेला इटालियन चित्रांचा संग्रह तिथे आहे आणि फ्रान्समध्ये तो लूव्ह्रखालोखाल मोठा मानला जातो. राजवाड्याला लागूनच तिसऱ्या नेपोलियनने बांधवलेले शाही चॅपेल आहे. लेतित्सिया १८३६ मध्ये रोमला वारली. तिची समाधी या चॅपेलमध्ये आहे, आणि कार्लोच्या अस्थीही १९५१ मध्ये इथेच आणल्या गेल्या. नेपोलियन मात्र पॅरिसच्या अँव्हालीदमध्ये आहे.