कुलपापासून पगारापर्यंत : त्रिएस्तेची वाटचाल

आज इटलीत असलेल्या त्रिएस्ते शहरात सान जोवान्नीचं मनोरुग्णालय १९०८ मध्ये सुरू झालं. प्रशस्त इमारती, झाडं आणि सगळ्याभोवती भिंत. १९७१ मध्ये मनोविकारतज्ज्ञ फ्रांको बाझालिया तिथे संचालक म्हणून आले, तेव्हा आत सुमारे बाराशे माणसं होती. कित्येकांचं आयुष्य तिथेच सरलेलं.

बाझालिया त्याआधी गोरित्सिया शहरातल्या मनोरुग्णालयात होते. १९६१ मध्ये रुजू होताच, रात्री बांधून ठेवलेल्या रुग्णांची वही त्यांच्यापुढे सहीसाठी आली. त्यांनी सही केली नाही. तिथली दारं हळूहळू उघडली. मग १९६८ मध्ये रजेवर घरी गेलेल्या एका रुग्णाने पत्नीचा खून केला. बाझालियांवर खटला झाला, ते निर्दोष सुटले. एवढं झाल्यावर कुणीही दारं पुन्हा लावून घेतली असती. त्रिएस्तेत त्यांनी ती आणखी उघडली.

माझ्या मते तिथलं सर्वांत मोठं पाऊल मात्र पगाराचं होतं. रुग्ण आधीही झाडलोट करत, कपडे धूत, स्वयंपाकघरात राबत. त्याला ‘उपचार’ म्हणत आणि मोबदल्यात किरकोळ काहीतरी हातावर ठेवत. १९७३ च्या सुमारास त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. झाडू तोच, व्हरांडा तोच, पण आता कामाचा करार आणि ठरलेला पगार. स्वतःच्या पैशाने शर्ट घेता येतो, भाड्याने खोली बघता येते, काम पटलं नाही तर वादही घालता येतो. कुठल्याही गोळीने हे मिळत नाही. गोळी लागतेच, पण ती घेऊन माणसाने जायचं कुठे, हा प्रश्न उरतो.

१९७३ मध्येच सान जोवान्नीच्या एका रिकाम्या वॉर्डात रुग्ण आणि कलावंतांनी लाकूड-कागदाचा भलामोठा निळा घोडा केला. रुग्णालयाची कपड्यांची गाडी ओढणाऱ्या मार्को या खऱ्या घोड्याचं नाव त्याला दिलं. म्हाताऱ्या मार्कोला कसायाकडे धाडू नका, असा अर्ज रुग्णांनीच केला होता. नवा घोडा दारातून मावेना, तेव्हा दार फोडून तो बाहेर काढला आणि सगळे त्याच्यामागून शहरात गेले.

१९७८ च्या कायद्याने इटलीत नव्या मनोरुग्णालयांना बंदी आली. १९८० मध्ये सान जोवान्नी मनोरुग्णालय म्हणून बंद झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बाझालियांचं निधन झालं. देशात अनेक ठिकाणी कायदा आधी आला आणि सोयी मागे राहिल्या. तो भार घरच्यांनी सोसला, हे विसरता कामा नये. त्रिएस्तेत मात्र वस्त्यांमध्ये चोवीस तास उघडी केंद्रं होती, प्रत्येकात मोजक्याच खाटा. सामान्य रुग्णालयातही मानसिक आजारासाठी खाटा थोड्याच. बिकट अवस्थेत आलेला माणूस केंद्रात राहतो, तिथे नुसत्या गप्पांना आलेल्यांबरोबर जेवतो, बरं वाटलं की घरी जातो. ज्यांची गरज मोठी, त्यांच्यासाठी स्वतंत्र निधी ठेवतात. घर, काम आणि सोबतीची माणसं यांपैकी कशावर तो खर्चायचा, हे त्या माणसाबरोबर बसून ठरतं.