प्रमाण म्हणजे पुरावा

विज्ञान प्रकल्पाच्या वहीत आकृतीखाली ‘प्रमाण १ : २००’ लिहायचे ते कशासाठी? उत्तर त्या शब्दातच आहे. ‘मा’ म्हणजे मोजणे. त्यावरून आलेला ‘प्रमाण’ मापही सांगतो आणि न्यायशास्त्रात ज्ञानाचे साधनही. वऱ्हाडातल्या मोताळ्याच्या मुलखात या दोन अर्थांची गाठ शाळेच्या आधी शेतात पडली. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३० च्या दशकात इंदापुरात बसवलेली जमीनमोजणी, १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांकडे गेल्यावर पुढच्या दशकात इकडे आली. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे. साखळीभर लांब-रुंद तुकडा म्हणजे गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. मोजणीदार बांधावर टिपण काढी: आकार अंदाजाचा, पण अंतरे नेमकी. गावनकाशा मात्र प्रमाणात, २० साखळ्यांना १ इंच, म्हणजे १ : ७९२०. अंतरे टिपणात होतीच, मग नकाशा कशाला? कारण चारही बाजू बिनचूक असल्या तरी कर्णावाचून चौकोन कसाही कलंडतो. प्रमाणात रेखू लागले की राहून गेलेले माप उघडे पडते, आणि मापच चुकले असेल तर शेवटची रेघ आरंभबिंदूला मिळत नाही. नकाशा ही टिपणाची उलटतपासणी असते.

वहीतल्या आकृतीचे कामही तेच. ३० × ३० × ३ मीटरचे शेततळे विद्यार्थी बहुधा विहिरीसारखे खोल काढतात. १ : २०० ने काढले तर १५ सेंटिमीटर रुंदीला खोली जेमतेम दीड सेंटिमीटर भरते. तळे नव्हे, परातच! एवढ्या उघड्या पाण्याची उन्हाळ्यात वाफ का होते, हे मग वेगळे सांगावे लागत नाही. काठांना १ : १ उतार दिला की तळ २४ मीटरच उरतो, आणि २,७०० वाटलेले घनमीटर २,१९६ वर येतात. मोबाइलवर फोटो असताना एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. पण फोटोत जवळचा काठ मोठा, पलीकडचा लहान दिसतो आणि पाण्याखालचा उतार दिसतच नाही. विद्युतमंडल किंवा फुलपाखराचे जीवनचक्र प्रमाणात काढण्याची गरज नाही, हे खरे. तिथे ‘आकृती प्रमाणात नाही’ एवढे लिहिणे हाच प्रामाणिकपणा. जिथे निष्कर्ष मापावर उभा आहे, तिथे मात्र पट्टी लावून तपासता येईल अशीच आकृती हवी. वाचणाऱ्याला तपासता येते, म्हणूनच तिला प्रमाण म्हणायचे.