मुलींची ‘स्थगिती’ : एकाच इयत्तेतील दुसरे वर्ष

उरण : मूल शिक्षण पूर्ण होण्यापूर्वीच शाळा सोडून गेले की त्यास ‘गळती’ म्हणतात; शाळेत राहूनही त्याच इयत्तेत पुन्हा बसले की ती ‘स्थगिती’. ब्रिटिश अमदानीतील हार्टोग समितीने १९२९च्या अहवालात या दोन दोषांवर बोट ठेवले आणि तेव्हापासून प्राथमिक शिक्षणाच्या चर्चेत ही जोडी कायम राहिली आहे. बहुधा स्थगिती आधी येते, गळती मागाहून. मुलींच्या बाबतीत या दोहोंतील अंतर फारच थोडे असते. वर्ष वाया गेलेल्या मुलास घरचे पुन्हा शाळेत धाडतात. मुलीचे वर्ष गेले की धाकटी भावंडे, पाणी आणि चूल यांचा हक्क शाळेआधी लागू होतो.

उरण तालुका हा रायगड जिल्ह्यातील संपन्न तालुका मानला जातो. १९८९मध्ये येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, जानेवारी २०२४मध्ये अटल सेतू आणि उरणपर्यंतची लोकल आली. मात्र कंटेनर यार्डांच्या पलीकडे, डोंगरालगत रानसईसारख्या आदिवासी वाड्याही याच तालुक्यात आहेत. रायगडच्या अशा वाड्यांत प्रामुख्याने कातकरी समाज राहतो. राज्यातील ज्या तीन जमातींची नोंद आदिम जमाती म्हणून आहे, त्यांपैकी ही एक. कोलाम व माडिया गोंड या अन्य दोन. भूमिहीन कातकरी कुटुंबे वीटभट्टीमालकाकडून उचल घेतात आणि दिवाळीनंतर भट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. मजुरी नवरा-बायकोच्या जोडीवर ठरत असल्याने आई दिवसभर मातीत असते. झोपडीत तान्हे मूल सांभाळायचे ते थोरल्या मुलीने. शाळेचे दुसरे सत्रही दिवाळीनंतरच सुरू होते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. अशा मुलीची काही दिवसांची दांडी होत नाही, तर संपूर्ण सत्रच बुडते.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला आणि त्याच्या कलम १६ने आठवीपर्यंत कोणासही त्याच इयत्तेत ठेवण्यास मनाई केली. कागदोपत्री स्थगिती संपली. वाचता न येणारी मुलगी मात्र वरच्या वर्गात गेली, आणि तिचे मागे राहणे हजेरीपटावर दिसेनासे झाले. ‘असर’च्या २०२४च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या निम्म्याहून थोड्या कमी मुलांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. नापास न करण्याच्या धोरणावर टीका झाली ती याच कारणाने, आणि ती सर्वस्वी चुकीची नव्हती.

२०१९च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीच्या अखेरीस परीक्षा आली आणि अनुत्तीर्णांना त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्राने मे २०२३मध्ये नियमांत बदल केला आणि २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून तो लागू झाला. अनुत्तीर्ण विद्यार्थ्यास पूरक मार्गदर्शन द्यावयाचे, निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा घ्यावयाची, तीतही यश न मिळाल्यास त्याच वर्गात ठेवावयाचे, मात्र शाळेतून काढावयाचे नाही, अशी ही रचना आहे.

खरी अडचण वेळापत्रकाची आहे. वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये होते, तेव्हा भट्टीचा हंगाम भरात असतो. पूरक मार्गदर्शनाचे दिवस उन्हाळ्यातले, तेव्हाही कुटुंब भट्टीवरच. पुनर्परीक्षेची वेळ येते ती कुटुंब नुकतेच वाडीवर परतून घर शाकारण्याच्या खटपटीत असताना. म्हणजे ज्या मुलीसाठी दुसरी संधी ठेवली, तिलाच ती गाठता येणे सर्वांत अवघड. सहाव्या वर्षी पहिलीत आलेली मुलगी पाचवीत दुसऱ्यांदा बसते तेव्हा अकरा-बारा वर्षांची असते. पुढील वर्गांची शाळा वाडीपासून दूर असेल, तर वयात येत असलेल्या मुलीला तिकडे पाठविण्यास पालक आधीच राजी नसतात.

मुलींची उपस्थिती वाढावी म्हणून राज्याने १९९२मध्ये उपस्थिती भत्ता योजना सुरू केली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील अनुसूचित जाती, जमाती व भटक्या-विमुक्तांच्या पहिली ते चौथीतील मुलींना दररोज एक रुपया, वर्षाला कमाल २२० रुपये. अट ७५ टक्के उपस्थितीची. पाच-सहा महिने भट्टीवर काढणाऱ्या मुलीला हा रुपयाही मिळण्यासारखा नाही.

मार्ग अज्ञात आहेत असे नाही. ठाणे जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेने १९९०च्या दशकात वीटभट्ट्यांवरच भोंगाशाळा चालविल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची झोपडी. पालक स्थलांतर करीत असताना मुलांना गावीच ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहेही राज्याने काढली. मुलीला एकटी मागे ठेवण्यास घरचे तयार होणे, आणि धाकट्या भावंडाची सोय लागणे, येथे ती अडतात. अंगणवाडी भट्टीपर्यंत पोहोचली तरच थोरलीचे हात मोकळे होतील.

कायद्याच्या कलम ५नुसार भट्टीजवळच्या शाळेत प्रवेश मिळणे हा मुलीचा हक्क आहे आणि दाखल्यास विलंब झाला म्हणून तो नाकारता येत नाही. शिवाय सलग एक महिन्याहून अधिक काळ गैरहजर राहणारे बालक राज्याच्या व्याख्येनुसार शाळाबाह्य ठरते. नोव्हेंबरमध्ये वाडी सोडलेली मुलगी त्यामुळे डिसेंबरअखेर शाळाबाह्य मुलांच्या यादीत आली पाहिजे. तिचे नाव वाडीवरच्या शाळेच्या पटावर तसेच राहिले, तर तिचा शोध घेण्याचे कारणच उरत नाही, आणि एप्रिलच्या निकालात ती केवळ अनुत्तीर्ण म्हणून नोंदली जाते.