शांखारीटोल्याचें अपील

३ ऑगस्ट १९२३ रोजीं कलकत्त्यांतील शांखारीटोला टपालकचेरीचे सब-पोस्टमास्तर मागच्या खोलींत टेबलाशीं बसून पैसे मोजीत होते. अंगणाकडच्या दारांत कांहीं माणसें येऊन उभीं राहिलीं, त्यांनीं पैसे मागितले आणि जवळजवळ त्याच क्षणीं पिस्तुलें झाडलीं. एक गोळी हातास व दुसरी काखेजवळ लागून पोस्टमास्तर गतप्राण झाले. पैशास हात न लावतांच मारेकरी पळाले. त्यांतील एकाचा कचेरींतील एका नोकरानें व इतर लोकांनीं पाठलाग केला. तो पळतां पळतां पिस्तूल झाडीत होता. तरी हे लोक मागें हटले नाहींत. पिस्तूल फेंकून देतांच तो सांपडला. बाकीचे निसटले ते निसटलेच.

सांपडलेल्याचें नांव बारेंद्रकुमार घोष. त्याचें म्हणणें असें कीं, आपण खोलींत गेलोंच नाहीं. बाहेर अंगणांत उभे होतों आणि भयानें गांगरून गेलों होतों. न्या. पेज यांनीं ज्यूरीस सांगितलें कीं, सर्वांच्या समान उद्देशाच्या पूर्तीसाठीं गोळ्या झाडल्या गेल्या असें तुम्हांस वाटत असेल, तर प्राणघातक गोळी आरोपीची असो वा नसो, तो खुनी आहे. ज्यूरीनें त्याला एकमतानें दोषी ठरविलें. शिक्षा झाली फांशीची.

त्या काळीं हायकोर्टाच्या सेशन्समध्यें झालेल्या निकालावर सरळ अपील करतां येत नसे. न्यायाधीशाच्या कायदेविषयक निर्णयाचा फेरविचार व्हावा, असा दाखला अ‍ॅडव्होकेट-जनरलनें दिला, तरच लेटर्स पेटंटच्या सव्विसाव्या कलमान्वयें पूर्णपीठापुढें जातां येई. घोषास तो दाखला मिळाला. पण सर आशुतोष मुखर्जी ज्यांत बसले होते त्या पूर्णपीठानें त्याचें म्हणणें अमान्य केलें. पुढें उरली लंडनची प्रिव्ही कौन्सिल. आपण फौजदारी अपिलाचें कोर्ट नव्हे, न्यायाच्या मूलतत्त्वांवरच घाला पडला असेल तरच हात घालूं, असें ती १८८७ मधील डिलेटच्या खटल्यापासून बजावीत आली होती. हें दार किती अरुंद आहे, तें महाराष्ट्रास १८९७ सालींच कळलें होतें. टिळकांच्या राजद्रोहाच्या खटल्यांत, पुढें इंग्लंडचे मुख्य प्रधान झालेले अ‍ॅस्क्विथ यांनीं अपिलाची परवानगी मिळावी म्हणून वकिली केली, तरी ती नाकारली गेली. घोषासाठीं मात्र तें दार उघडलें.

आंतला प्रश्न होता दंडविधानाच्या चौतिसाव्या कलमाचा. अनेकांनीं सर्वांच्या समान उद्देशाच्या पूर्तीसाठीं गुन्हेगारी कृत्य केलें, तर तें जणुं एकट्यानेंच केलें असल्याप्रमाणें प्रत्येकजण जबाबदार, असें तें कलम. १८६० च्या मूळ मसुद्यांत समान उद्देशाचे शब्द नव्हतेच. ते १८७० सालीं घातले गेले. पण ‘कृत्य’ म्हणजे काय? १९१४ सालीं याच हायकोर्टांत न्या. स्टीफन यांनीं त्याचा अर्थ संकुचित केला होता: एकाची गोळी लागली व दुसऱ्याची चुकली, तर दुसरा या कलमानें खुनी ठरत नाहीं. घोषाच्या वकिलांचा सारा भर यावरच होता. सर्वांनीं एकच कृत्य केलें असेल तरच हें कलम लागूं, असें ते म्हणत.

लॉर्ड सम्नर यांनीं ऑक्टोबर १९२४ मध्यें निकाल दिला. दोघांनीं एकाच्या गळ्याभोंवतीं दोर टाकून दोन्हीं टोकें ओढलीं, हें तरी एकच कृत्य ना, असा दाखला अपिलाच्या बाजूनें पुढें आला होता. लॉर्ड सम्नर यांनीं तोच उलटविला. प्रत्येकजण आपलें टोंक, आपल्या ताकदीनें, आपल्या जागीं उभा राहून ओढतो. मग दुसऱ्याचें कृत्य तें त्याचें कसें? या अर्थानें कलमास कांहीं कामच उरत नाहीं. म्हणून ‘कृत्य’ म्हणजे परिणामास पोंचविणारें सर्वांचें मिळून एकसंध वर्तन. नुसतें उभें राहणाराही त्यांत आला. हें सांगतांना अंध मिल्टननें ईश्वरसेवेविषयीं लिहिलेली एक ओळ दरवडेखोरांच्या कामीं आली. न्यायमूर्तींच्या वाचनाचें कौतुक करावें कीं त्या योजनेनें दचकावें, हें श्रोत्यांनीं ठरवावें. अपील फेटाळलें गेलें.

मला निकाल योग्य वाटतो. अन्यथा कोणाची गोळी लागली हें सिद्ध न झाल्यास सारी टोळी खुनांतून सुटावी. घोषानें पळतांना झाडलेल्या गोळ्या पोस्टमास्तरांच्या मृत्यूनंतरच्या, हें खरें. पण पिस्तूल तर बरोबर होतें. तथापि उद्देश मनांत असतो, आणि मनांतली भीति व मनांतला कट बाहेरून सारखेच दिसूं शकतात. लुटीचा बेत सर्वांचा असला, तरी जरूर तर जीव घेण्याचा बेतही सर्वांचा होता काय, हा प्रश्न प्रत्येक खटल्यांत निराळाच विचारावा लागतो.

तो विचारला न गेल्यास काय होतें, तें १९४५ सालीं महबूबशहाच्या अपिलांत दिसलें. तो खटला लुटीचा नव्हता. सिंधु नदीकांठच्या गवतावरून झालेल्या तंट्यांतला होता. दोघांचा उद्देश सारखा असणें वेगळें आणि तो दोघांनीं आधीं मिळून ठरविलेला असणें वेगळें, असें सर माधवन नायर यांनीं प्रिव्ही कौन्सिलच्या वतीनें सांगितलें व खुनाची शिक्षा रद्द झाली. १९४९ सालीं भारतीय अपिलें प्रिव्ही कौन्सिलकडे जाण्याचें बंद झालें. १ जुलै २०२४ पासून दंडविधानाच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. चौतिसावें कलम तींत तिसऱ्या कलमाचें पांचवें पोटकलम होऊन बसलें आहे.