नायटिनॉलची बाजू

यंत्ररचनेच्या क्षेत्रात एक मत इतके रुजले आहे की ते तपासून पाहावे असे फारसे कुणाला वाटत नाही. आकारस्मृती मिश्रधातू प्रयोगशाळेत चमत्कार दाखवायला उत्तम. पण हालचाल घडवणारा ॲक्च्युएटर म्हणून निरुपयोगी, असे ते मत. मला ते मान्य नाही. पण आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे.

निकेल आणि टायटॅनियम जवळपास समप्रमाणात मिसळून होणारे नायटिनॉल हे अशा मिश्रधातूंपैकीच एक; ते थंड असताना मार्टेन्साइट अवस्थेत असते आणि सहज ताणले, वाकवले जाते. तापवले की ते ऑस्टेनाइट अवस्थेत जाते आणि मूळ आकार जोराने परत घेते. पूर्वपक्ष म्हणतो: ही हालचाल उष्णतेवर चालते आणि उष्णता धातूतून निघून जायला वेळ लागतो, म्हणून हा ॲक्च्युएटर मंद. दिलेल्या ऊर्जेचा दहावा हिस्साही कामी येत नाही, म्हणून तो उधळा. वारंवार आकार बदलून धातू थकतो आणि तुटतो, म्हणून तो बेभरवशाचा. या मताला इतिहासाचाही आधार आहे. 1973 मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत रिजवे बँक्स यांनी गरम-थंड पाण्यावर फिरणारे नायटिनॉलचे इंजिन बनवले. वाया जाणाऱ्या उष्णतेपासून स्वस्त वीज मिळेल अशी आशा पसरली. ती फळली नाही.

यातले एकही विधान खोटे नाही. चूक आहे ती त्यांतून काढलेल्या निष्कर्षात.

मंदपणाचे आधी पाहू. अर्धा मिलिमीटर जाडीची तार स्थिर हवेत निवायला पंधरा सेकंदांहून अधिक वेळ घेते. पाव मिलिमीटरची तार सुमारे पाच सेकंदांत निवते. 0.025 मिलिमीटरच्या तारेला सेकंदाचा पाचवा हिस्साही लागत नाही. धातू तोच, हवा तीच. तार बारीक होत जाते तसे तिच्या आकारमानाच्या मानाने तिचे पृष्ठफळ वाढते, आणि उष्णता पृष्ठभागातूनच बाहेर पडते. मग मंद कोण, धातू की जाड तार निवडणारा? जोर अधिक हवा असेल तर अनेक बारीक तारा शेजारी शेजारी लावता येतात. छायाचित्र हलू नये म्हणून मोबाइल कॅमेऱ्याचे भिंग क्षणोक्षणी सरकवणारे काही ॲक्च्युएटर केसाहून बारीक अशा तारांवरच चालतात. मंद धातूला हे जमले असते का?

उधळेपणाचा आक्षेप अधिक वजनदार आहे. गरम टोक 70 अंश सेल्सियस आणि थंड टोक 20 अंश धरले, तर कार्नोच्या नियमाने आदर्श यंत्राचीही कार्यक्षमता 15 टक्क्यांच्या पुढे जात नाही. प्रत्यक्षातली तर त्याहून खूपच कमी. दिवसभर पाणी उपसायचे असेल तर नायटिनॉल वापरू नये, हे निर्विवाद. पण प्रत्येक यंत्राला दिवसभर पाणी उपसायचे असते का? पाव मिलिमीटर जाडीची एक मीटर तार भरते ग्रॅमच्या तिसऱ्या हिस्स्याइतकी, आणि जवळजवळ नऊशे ग्रॅम वजन तीन-चार सेंटिमीटर उचलते. 1997 मध्ये मंगळावर उतरलेल्या सोजर्नर गाडीत नायटिनॉलच्या तारेने एका सौरघटावरचे काचेचे झाकण बाजूला केले. काचेवर धूळ किती साचली हे त्यावरून मोजले गेले. तिथे विजेच्या काटकसरीपेक्षा वजनाची काटकसर मोलाची होती. 2014 च्या कॉर्व्हेट मोटारीत मागचे झाकण सहज बंद व्हावे म्हणून हवेची झडप उघडण्याचे काम अशाच तारेकडे आले. मोटर गेली, वजन सुमारे अर्धा किलो घटले. काही सेकंदांच्या कामात कार्यक्षमतेचा हिशेब मांडायचा कशाला?

आणि उष्णता आधीच हजर असेल तर? या प्रश्नाकडे पूर्वपक्ष सरळ पाठ फिरवतो. 2005 मध्ये बोइंगने 777-300ईआर विमानाच्या इंजिनावर, पंख्याची हवा बाहेर पडते त्या तोंडाच्या कडेला, दातेरी पट्ट्या बसवून चाचणी उड्डाणे केली. उड्डाण घेताना हे दाते प्रवाहात आत वाकले की वेगवान आणि संथ हवा लवकर मिसळते, गोंगाट कमी होतो. उंचावर मात्र तेच वाकलेले दाते इंजिनाचा जोर खातात. तिथे ते सरळ हवेत. ही उघडझाप मोटरने करायची तर मोटर, तारा, नियंत्रक आणि या सगळ्याचे वजन इंजिनाच्या अगदी कडेला न्यावे लागले असते. तिथे नायटिनॉलच्या पट्ट्या बसवल्या. जमिनीलगतच्या उबेत त्या दाते आत वाकवतात. उंचावरच्या थंडीत त्या मऊ पडतात आणि दात्याचा स्वतःचा ताठरपणा त्याला सरळ करतो. तापमान ओळखणारा आणि हालचाल करणारा भाग एकच. जपानच्या 700 मालिकेतील शिंकान्सेन गाड्यांत गिअरपेटीतल्या तेलाची पातळी राखणारी आकारस्मृती मिश्रधातूची झडपही तेलाच्याच तापमानावर चालते. ज्या उष्णतेला दोष म्हटले, तीच इथे संकेतही आहे आणि इंधनही.

थकव्याचे उत्तर थोडक्यात देता येते. नायटिनॉल आठ टक्के ताणही परत घेऊ शकते, म्हणून दर फेरीला आठ टक्के मागणे ही रचनाकाराची हाव. तीन टक्क्यांच्या आसपास राहिले आणि भार आवाक्यात ठेवला, तर लाखो फेऱ्या मिळतात. आर-अवस्था नावाच्या मधल्या अवस्थांतरात ताण एक टक्क्याच्या आत राहतो, पण आयुष्य कितीतरी वाढते. कील विद्यापीठातील संशोधकांनी 2015 मध्ये टायटॅनियम-निकेल-तांब्याच्या पातळ थरावर एक कोटी अवस्थांतरे करून दाखवली. तो प्रयोग तापवण्याचा नव्हे, ताणण्याचा होता, हेही नोंदवतो. पण अवस्थांतराने धातू अपरिहार्यपणे थकतो, या समजुतीला त्याने तडा दिला.

पूर्वपक्षाने घ्यायला हवा होता तो आक्षेप वेगळाच आहे. साध्या नायटिनॉलचे अवस्थांतर शंभर अंशांच्या आसपास संपते. परिसरच तितका तापला तर तार निवत नाही आणि ॲक्च्युएटर जागीच अडकतो. ही मर्यादा खरी आहे. तिच्यावर काम चालू आहे ते हाफ्नियम मिसळून: 2018 मध्ये नासा आणि बोइंगने निकेल-टायटॅनियम-हाफ्नियमच्या ॲक्च्युएटरने एफ/ए-18 लढाऊ विमानाच्या पंखाचा सुमारे 136 किलोंचा भाग जमिनीवरच्या चाचणीत दुमडून दाखवला. वाद घालायचा तर तो या धातूच्या किमतीवर, घडणीवर आणि वर्षानुवर्षांच्या स्थैर्यावर घालावा. तिथे माझी बाजू अजून जिंकलेली नाही.