मागास : एका शब्दाची वहिवाट

वारणाकाठच्या शेतकऱ्याच्या तोंडी 'मागास' हा शब्द येतो तो काळाचा शब्द म्हणून. मृग कोरडा गेला, वाफसा लांबला, बियाणे हाती उशिरा पडले, आणि जी पेरणी आगाप व्हावयाची ती पंधरवडाभर मागे पडली, म्हणजे ती मागास झाली. त्या पेरणीच्या कुळात, जमिनीच्या पोतात किंवा धन्याच्या अकलेत काही खोट आहे असे त्याला मुळीच सुचवावयाचे नसते. मागास पीकही पिकते, आणि आगाप पिकावर कीड पडलेल्या साली घरात येते ते तेच. इंग्रजीतील 'बॅकवर्डनेस' या नामाला मराठी प्रतिशब्द देण्याची वेळ आली तेव्हा दप्तरातील मंडळींनी हाच शिवारातला शब्द जवळ केला असे दिसते. परंतु शिवारातून कचेरीत येताना त्याचा अर्थ पालटला, आणि उशिराचा निर्देश करणारा शब्द पायरीचा निर्देश करू लागला.

या पालटाची एक निश्चित तारीख कोल्हापूरच्या दप्तरात सापडते. २६ जुलै १९०२ रोजी, शाहू छत्रपती सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकानिमित्त विलायतेत असताना, करवीर सरकारच्या गॅझेटात हुकूम प्रसिद्ध झाला की तो पोचल्याच्या तारखेपासून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा पन्नास जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांनी भराव्यात, आणि प्रत्येक खातेप्रमुखाने नेमणुकांचे तिमाही पत्रक हुजूर पाठवावे. हुकूम क्रांतिकारक होता यात वादच नाही. पण शब्दार्थाच्या जिज्ञासूने त्यातील व्याख्या पाहावी. मागासलेले कोण, याचे उत्तर तेथे जातींची यादी देऊन दिलेले नाही. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग वगळून जे उरतील ते सारे मागासलेले, असे ते उत्तर आहे. म्हणजे राज्याने आधी पुढारलेल्यांची नावे घेतली आणि मग बाकी काढली. माझ्या मते ही व्याख्या पुढील पन्नास वर्षांतील पुष्कळ व्याख्यांपेक्षा प्रामाणिक आहे, कारण मागासलेपण हा कोणाच्या अंगचा गुण नसून कोणीतरी पुढे गेल्याने मागे उरलेली बाकी आहे, ही गोष्ट ती लपवीत नाही.

पुढे दुसरा शब्द आला. २० जानेवारी १९४९ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी आपल्या पदग्रहणाच्या भाषणात जगातील अर्धविकसित प्रदेशांना साहाय्य देण्याची घोषणा केली, आणि त्यानंतर चाळीसच दिवसांनी, १ मार्च १९४९ रोजी, कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही; परंतु दरबारी रुमालातला 'मागासलेला वर्ग' आणि नियोजनाच्या अहवालातला 'अविकसित भाग' हे दोन शब्द पन्हाळा पेट्यातील कास्तकाराच्या दारी जवळजवळ एकाच वेळी येऊन उभे राहिले. 'विकास' म्हणजे मुळात कमळाचे उमलणे. तेव्हा अविकसित म्हणजे कळी, आणि कळीला काळ लोटला की उमलणे ओघानेच आले, असा एक भोळा दिलासा त्या शब्दात दडलेला आहे. कळी कोणी खुडली का, हे मात्र तो शब्द विचारीत नाही. १९६६ साली आंद्रे गुंडर फ्रांक या अर्थशास्त्रज्ञाने तो प्रश्न विचारला, आणि काही देशांची अवनती हीच इतरांच्या भरभराटीची दुसरी बाजू आहे असे प्रतिपादन केले.

कोडोलीच्या माळावर आज जे वारणानगर उभे आहे त्याला यांपैकी कोणता शब्द लावावा? भोवतालचा मुलूख उसाला अपरिचित नव्हता. गुऱ्हाळे होती, चुलवाणावर काहील चढे, चिपाडाचा जाळ रात्रभर धडधडे, रस दाटत आला की गुळव्या त्यातला थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून पाही, आणि गोळी घट्ट झाल्याखेरीज काहील उतरविण्याचा हुकूम देत नसे. विद्या होती, माल होता. भाव मात्र पेठेतील अडत्या ठरवी. विश्वनाथ अण्णा ऊर्फ तात्यासाहेब कोरे यांनी शेतकऱ्यांचे भाग गोळा करून येथे सहकारी साखर कारखाना काढला तो हाच दुवा ओळखून. प्रवरेच्या कारखान्याचे उदाहरण १९५० च्या अखेरीपासून डोळ्यांसमोर होतेच. कारखान्यामागून १९६४ साली महाविद्यालय आले, १९६८ साली दूध संघ आला, बाजार आला, मुलांचा वाद्यवृंदही आला.

१९९८ साली तर वारणाखोऱ्यातील सत्तर गावे संगणकाच्या तारेने जोडण्याची योजना सरकारने हाती घेतली, आणि वारणानगरचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. गावच्या केंद्रातील संगणकाचा मुख्य उपयोग ठरला तो उसाच्या हिशेबाचा : किती टन गेला, बिल कधी निघणार. काही वर्षांनी संशोधकांनी काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या लघुसंदेशावर तोच हिशेब देऊन पाहिला, आणि काम अल्प खर्चात भागले. विकसित यंत्र कोणते आणि मागास कोणते, हे ठरविण्याचा अधिकार अखेर पावती हातात घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याकडे आला, याची मला मौज वाटते.

तथापि हिशेबाला दुसरे पान आहे. वारणेच्या वरच्या अंगाला चांदोलीचे धरण झाले, तेव्हा खालच्या मळ्यांना पाणी मिळाले आणि वरची गावे उठली. त्या लोकांना कचेरीने 'प्रकल्पग्रस्त' हा आणखी एक शब्द लावला. मागे राहिलेल्यांची मोजणी राज्याच्या पातळीवरही झाली : १९८४ साली प्रादेशिक असमतोल तपासणाऱ्या दांडेकर समितीने राज्याच्या सरासरीखाली राहिलेल्या जिल्ह्यांची तूट रुपयांत मोजून सुमारे ३,१८७ कोटींचा 'अनुशेष' काढला. अनुशेष म्हणजे पुन्हा बाकीच. शाहू छत्रपतींच्या हुकुमातील व्याख्या ब्याऐंशी वर्षांनी अशी आकड्यांत परत आली.

शिवारात 'मागास' शब्दाची जुनी वहिवाट अजून मोडलेली नाही. आडसाली लावण श्रावणाच्या पुढे गेली की माणसे ती मागास झाली म्हणतात, तोडही त्या मानाने उशिरा येते, आणि कारखान्याच्या काट्यावर त्या उसाचे वजन इतर उसासारखेच मांडले जाते.